वेढ्यातील खरेदीखत

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेममध्ये एका शेताचा व्यवहार झाला. किंमत ठरली १७ शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १९० ग्रॅम. चांदी तराजूत तोलून दिली गेली, दस्त लिहिला गेला, साक्षीदारांची नावे चढली. एक प्रत मोहोरबंद केली, दुसरी उघडी ठेवली. व्यवहारात वावगे असे काहीच नव्हते. वावगी होती ती वेळ. शहराभोवती बाबिलोनच्या सैन्याचा वेढा पडला होता, तटाला भिडवण्यासाठी मातीचे चढाव रचले जात होते, घेतलेले शेत तटाबाहेर शत्रूच्या टापूत होते, आणि घेणारा माणूस राजवाड्यालगतच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता. हे शहर पडणार, असे तो गेली अनेक वर्षे भर चौकात सांगत आला होता. त्याच बोलण्यामुळे तो राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलत होता.

त्याचे नाव यिर्मया. हा धागा त्याच्या खरेदीखताविषयी आहे.

हिब्रू संदेष्ट्यांविषयी लिहिताना 'न्यायनिवाडा' आणि 'आशा' अशी दोन दालने पाडण्याचा प्रघात आहे. एकीकडे कोप, दुसरीकडे करुणा. आधी आमोसची गर्जना, मग यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धातील सांत्वन. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला ही मांडणी सोयीची आहे. परंतु शहराचा नाश निश्चित मानणारा माणूस त्याच शहराच्या परिसरात जमीन विकत घेतो, तेव्हा ही दोन दालने एका खोलीची होतात. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

देव स्वतःच्याच लोकांवर कोपतो, ही कल्पना एकट्या हिब्रूंची नव्हती. १८६८ मध्ये जॉर्डन नदीच्या पूर्वेस धीबान येथे मवाबचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातील शिलालेख सापडला. इस्राएलने मवाबला दीर्घकाळ दडपून ठेवले, कारण मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला होता, असे तो राजा त्यात सांगतो. पराभवाचा हा अर्थ त्या काळच्या पश्चिम आशियात रूढच होता. मेशाचा लेख मात्र कमोश का रागावला, याचे कारण देत नाही. हिब्रू संदेष्टे कारण देतात, आणि तेही अतिशय तपशिलात. तकोवाचा मेंढपाळ आमोस, सुमारे इ.स.पू. ७६० मध्ये, उत्तरेकडील समृद्ध इस्राएल राज्यात जाऊन सांगतो की गरिबाला पायताणाच्या जोडासाठी विकले जाते, धान्याचे माप लहान आणि तागडीचे वजन मोठे केले जाते, वेशीवरच्या न्यायसभेत लाच चालते. याहवे या आपल्या देवाचा 'दिवस' उजाडेल आणि शत्रूंचा निकाल लागेल, अशी लोकांची समजूत होती. तो दिवस तुमच्यासाठीही काळोखाचाच असेल, असे आमोसने सुनावले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूरच्या हाती पडले आणि ते राज्य संपले.

दक्षिणेचे यहूदा राज्य उरले. त्याच्या उरण्यातच पुढच्या शोकांतिकेचे बीज होते.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याने लाखीश जिंकले. त्या वेढ्याची कोरीव दृश्ये निनवेच्या राजवाड्यात होती आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेमचा राजा हिज्कीया याला आपण पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, अशी फुशारकी त्याच्या लेखांत आहे. पण शहर घेतल्याचा उल्लेख नाही, कारण ते त्याने घेतले नाही. हिज्कीयाने जबर खंडणी भरली आणि शहर वाचले. त्या संकटात राजाला धीर देणारा संदेष्टा यशया होता. पुढच्या पिढ्यांच्या स्मरणातून खंडणी मागे पडली आणि सुटका तेवढी उरली. सियोनच्या डोंगरावर याहवेचे मंदिर आहे, म्हणून हे शहर पडूच शकत नाही, हा हळूहळू सिद्धांत झाला. एका पिढीची खरी आशा पुढच्या पिढीच्या हाती गुंगीचे औषध होऊन आली, असे म्हटले तर ते फार कठोर ठरू नये.

यिर्मयाचा सामना या औषधाशी होता. तो यरुशलेमच्या ईशान्येस काही किलोमीटरवर असलेल्या अनाथोथचा, पुरोहित घराण्यातला. शलमोनाने अब्याथार याजकाला राजधानीतून काढून ज्या गावी धाडले, तेच हे अनाथोथ. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ मध्ये, यिर्मयाला संदेष्टेपणाची हाक आली, असे त्याच्या नावाचा ग्रंथ सांगतो. मूळ हिब्रूत त्या प्रसंगी सहा क्रियापदे येतात. उपटणे, मोडणे, नाश करणे आणि पाडणे ही चार, मग बांधणे आणि लावणे ही दोन. चारास दोन हे प्रमाण त्याच्या आयुष्याचेही होते.

इ.स.पू. ६०९ मध्ये योशीया मगिद्दो येथे मिसरच्या फारोकडून मारला गेला. लवकरच यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून सांगितले की मंदिराचा जप केल्याने कोणी वाचणार नाही. परदेशी, अनाथ आणि विधवा यांना छळणे थांबवा, नाहीतर या मंदिराचेही शिलोसारखे होईल. शिलो हे एके काळचे पवित्र स्थान तोवर उजाड झाले होते. या भाषणासाठी त्याच्यावर देहान्त शिक्षेचा खटला उभा राहिला. त्यात देशातील काही वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा दाखला काढला. मीखा संदेष्ट्यानेही सियोन नांगरले जाईल असे म्हटले होते. हिज्कीयाने त्याला मारले नाही, त्याचे ऐकले आणि ते अरिष्ट टळले.

हा दाखला बारकाईने पाहण्याजोगा आहे. मीखाचे भाकीत 'चुकले', तरीही कोणी त्याला खोटा संदेष्टा म्हटले नाही. निवाडा सुनावला जातो तो टळावा म्हणूनच, हे त्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. संदेष्टा आणि ज्योतिषी यांच्यातला फरक नेमका इथे आहे. ज्योतिष्याचे भाकीत खरे ठरले की त्याचा मान वाढतो. संदेष्ट्याचे सर्वांत यशस्वी भाकीत ते, जे कधीच घडत नाही. यिर्मया त्या दिवशी वाचला. शाफानाचा मुलगा अहीकाम त्याच्या पाठीशी उभा राहिला. त्याच सुमारास हेच बोलणारा उरीया नावाचा संदेष्टा मिसरला पळाला होता. त्याला पकडून आणले आणि ठार केले.

मधली वर्षे थोडक्यात सांगता येतील. इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीश येथे बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने मिसरचा पराभव केला आणि पश्चिम आशियाचा धनी बदलला. यिर्मयाने आपली वचने नेरीयाचा मुलगा बारूख या लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहवून घेतली. यहोयाकीम राजाने हिवाळ्यात शेगडीसमोर बसून ती ऐकली, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग लेखनिकाच्या चाकूने कापून निखाऱ्यांवर टाकत गेला. यिर्मयाने ती पुन्हा लिहवली, आणखी भर घालून. इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये बाबिलोनने यरुशलेम पहिल्यांदा घेतले. ही तारीख बाबिलोनच्या राजकीय बखरीच्या एका मृत्तिकापट्टीवर नोंदलेली आहे. तरुण राजा यहोयाखीन, कारागीर आणि प्रतिष्ठित कुळे यांना हद्दपार केले गेले आणि सिद्कीया हा मांडलिक राजा गादीवर बसवला गेला.

आता आशेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला, कारण आशा विकणारे पुष्कळ होते.

इ.स.पू. ५९४ च्या सुमारास यिर्मया मानेवर बैलाचे जू घालून हिंडत होता. अर्थ उघड होता: बाबिलोनचे जू मान्य करा आणि जगा. गिबोनचा संदेष्टा हनन्या मंदिरात त्याच्यासमोर आला आणि सर्वांसमक्ष म्हणाला की याहवेने बाबिलोनचे जू मोडले आहे. २ वर्षांच्या आत मंदिराची पात्रे परत येतील, यहोयाखीन परत येईल, सारे हद्दपार परत येतील. यिर्मयाचे पहिले उत्तर 'आमेन' हे होते. असेच होवो, असे तो म्हणाला. त्यात उपरोध वाचणारे भाष्यकार आहेत, पण तो वाचण्याची गरज नाही. विनाश व्हावा अशी यिर्मयाची इच्छा नव्हती. त्याच्या ग्रंथात त्याचे रडणे पानोपानी आहे. मग त्याने एक कसोटी सांगितली. पूर्वीचे संदेष्टे युद्ध आणि अरिष्ट यांविषयी बोलत आले. शांतीचे भाकीत करणाऱ्याची ओळख ते खरे झाल्यावरच पटते. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले. यिर्मया काही न बोलता निघून गेला. उत्तर त्याला नंतर सुचले, किंवा त्याच्या भाषेत, नंतर मिळाले: लाकडी जू मोडून तुम्ही लोखंडी जू तयार केले आहे.

हनन्या लबाड होता असे मानण्याचे कारण नाही. तो यशयाची जुनी शिकवण प्रामाणिकपणे पुन्हा सांगत असावा, आणि म्हणूनच तो धोकादायक होता. त्याच्या आशेत कोणाला काहीच बदलावे लागत नव्हते. तागडी तशीच, न्यायसभा तशीच, फक्त २ वर्षे वाट पाहायची.

यिर्मयाने बाबिलोनमधील हद्दपारांना पत्र धाडले, त्यातली मुदत ७० वर्षांची आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात आहात त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसाला ७० वर्षांचा अर्थ ताबडतोब कळला असेल: तू परत जाणार नाहीस, तुझी नातवंडे कदाचित जातील. (हा आकडा त्या जगात अनोळखी नव्हता. बाबिलोन ७० वर्षे उजाड राहील असे मर्दुक देवाने ठरवले होते. पुढे त्याचे मन द्रवले आणि त्याने आकडा उलटा करून ११ केला, असे अश्शूरचा राजा एसरहद्दोन आपल्या लेखात सांगतो. कीलाकार लिपीत ७० ची खूण उलटली की ११ होतात. यहूदाच्या बाबतीत आकडा उलटा करून द्यायला हनन्या तयार होता. यिर्मया नव्हता.)

सिद्कीयाने अखेर बंड केले. इ.स.पू. ५८८ च्या आरंभी वेढा पडला. याच काळातील एक घटना यिर्मयाच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात आहे आणि न्यायनिवाड्याविषयीच्या सगळ्या अमूर्त चर्चेपेक्षा ती जास्त बोलते. संकटात पुण्य पदरी पडावे म्हणून यरुशलेमच्या धनिकांनी करार करून आपले हिब्रू दास-दासी मुक्त केले. कराराचा विधी म्हणून वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून ते चालत गेले. मग मिसरची फौज येते आहे असे कळले, बाबिलोनने वेढा तात्पुरता उठवला, आणि संकट टळलेसे वाटताच या मंडळींनी मुक्त केलेल्या माणसांना पुन्हा पकडून दास केले. यिर्मयाने त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटवला. तुम्ही मुक्ती दिली नाही, आता याहवे तुम्हाला मुक्ती देतो: तलवारीकडे, रोगराईकडे आणि दुष्काळाकडे जाण्याची. बाबिलोनी सैन्य परत आले.

वेढा उठला होता त्या थोड्या दिवसांत यिर्मया आपल्या बन्यामीन प्रांतातील वाट्याच्या कामासाठी शहराबाहेर निघाला. बन्यामीन वेशीवर त्याला फितूर म्हणून पकडले, मारले आणि एका लेखनिकाच्या घरातील भुयारी कोठडीत टाकले. सिद्कीयाने त्याला गुपचूप बोलावून घेऊन देवाचा काही शब्द आहे का, असे विचारले. उत्तर जुनेच होते. तरीही राजाने त्याला पहाऱ्याच्या चौकात हलवले आणि शहरातील भाकरी संपेपर्यंत भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकरी त्याला देण्याची व्यवस्था केली.

त्या चौकात त्याचा चुलतभाऊ हनामेल आला. अनाथोथचे माझे शेत तू घे, तो म्हणाला. सोडवणुकीचा हक्क तुझा आहे.

हिब्रू कायद्यात कुळाची जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यायची असते. त्या हक्काला 'गेउल्ला' म्हणत आणि तसे करणाऱ्याला 'गोएल'. हनामेलची अडचण समजण्यासारखी आहे. वेढ्यातल्या शहरात चांदीने अजूनही काही मिळत असेल. तटाबाहेरच्या शेताने काहीच मिळत नव्हते. भाऊबंदकीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार यिर्मयासाठी जवळजवळ अपमानच होता. अनाथोथच्या माणसांनीच पूर्वी त्याच्या जिवाचा कट केला होता, तशी नोंद त्याच्या ग्रंथात आहे. तो अविवाहित होता. लग्न करू नकोस, मुले होऊ देऊ नकोस, कारण या भूमीत जन्मणाऱ्यांचे हाल होणार आहेत, अशी त्याला आज्ञा होती. म्हणजे वारस नाही, गावाचे प्रेम नाही, जमिनीवर शत्रूचा ताबा, आणि घेणारा स्वतः कैदी.

त्याने घेतली.

इथे ग्रंथाची भाषा एकाएकी लेखनिकाची होते. संतापाची आणि रडण्याची काव्यमय वचने मागे राहतात आणि चांदी तोलली, दस्त लिहिला, मोहोर केली, साक्षी घेतल्या, असा एकामागून एक तपशील येतो. चौकात बसलेल्या सर्व यहूद्यांच्या देखत यिर्मयाने दोन्ही प्रती बारूखकडे दिल्या आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, एवढाच त्या कृतीचा अर्थ त्याने सांगितला. दृष्टान्त नाही, दिव्य रथ नाही. जमिनीचे व्यवहार पुन्हा सुरू होतील, एवढेच. ज्यांच्या घरात सातबाऱ्याचा जुना उतारा ट्रंकेच्या तळाशी जपलेला आहे, त्यांना या आशेचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दोन प्रतींची पद्धत काल्पनिक नव्हती. यहूदियाच्या वाळवंटातील नहल हेवरच्या गुहेत १९६० च्या सुमारास इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील दस्त सापडले, त्यांत एकच मजकूर दोनदा लिहून वरचा भाग गुंडाळून, शिवून बंद केलेला होता. वाद झाला तर बंद प्रत उघडून उघड्या प्रतीशी ताडून पाहायची. मातीच्या भांड्यात ठेवलेले लेखन किती टिकते, हे १९४७ पासून कुमरानच्या गुंडाळ्यांनी सगळ्या जगाला दाखवले आहे.

खरेदीनंतर यिर्मयाने जी प्रार्थना केली, ती या अध्यायाचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. आधी देवाची थोरवी, मग इतिहास, आणि शेवटी मूळ गोष्ट: चढाव तटाला भिडले आहेत, शहर खास्द्यांच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला म्हणतोस चांदी दे, शेत घे, साक्षीदार उभे कर! आशेची कृती करणाऱ्या माणसाला ती स्वतःला पटलेली नाही. त्याने आधी सही केली आणि शंका नंतर विचारली. धीर देणाऱ्या लेखनात सहसा हा क्रम उलटा असतो, आणि म्हणून ते सहसा विसरले जाते.

त्याला मिळालेल्या उत्तरात शहराचा नाश मागे घेतलेला नाही. शहर जळेल, हे तिथे पुन्हा सांगितले आहे. मग ज्याने हे सारे अरिष्ट आणले, तोच सारे चांगलेही आणील, असे पुढचे वाक्य येते. संदेष्ट्यांच्या विचाराचा कणा तो हा. यरुशलेम मर्दुकच्या बळाने पडले असे मानले, तर याहवे हरलेला देव ठरतो आणि हरलेल्या देवाकडून परतीची आशा धरण्यात अर्थ उरत नाही. तो नाश याहवेचाच निवाडा असेल, तरच परतही तोच आणू शकतो. आशा निवाड्याच्या आधाराने उभी आहे. निवाडा काढून घेतला तर ती हनन्याची आशा होते. या तर्काची किंमत मात्र जड आहे, आणि ती त्या लोकांनीही ओळखली होती. उपाशी मेलेल्या लहान मुलांचा कसला अपराध? आईबापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण त्या पिढीत चालत होती, हे यिर्मया आणि यहेज्केल दोघेही नोंदवतात. दोघेही ती म्हण आता बंद होईल असे सांगतात. तिला पुरते उत्तर त्यांपैकी कोणी दिले, असे म्हणवत नाही.

हा सगळा मजकूर यिर्मयाच्याच मुखातला आहे का, हा प्रश्न अभ्यासक शंभराहून अधिक वर्षे विचारत आले आहेत. बर्नहार्ड डूम यांनी १९०१ मध्ये ग्रंथातील काव्य आणि गद्य यांची फारकत केली, आणि गद्याचा मोठा वाटा नंतरच्या संपादकांकडे दिला. ग्रीक भाषांतरातील यिर्मया हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यातील प्रकरणांचा क्रमही वेगळा आहे. ग्रंथ वाढत गेला, हे निर्विवाद. प्रार्थनेत आणि उत्तरात नंतरचे हात असू शकतात. पण चुलतभावाचे नाव, १७ शेकेल आणि बंद-उघड्या प्रती या तपशिलांना सांत्वनाच्या साच्याचा वास येत नाही. ते दस्तातूनच आल्यासारखे वाटतात.

पुढे अधिकाऱ्यांनी यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले. लढणाऱ्यांचे हात तो ढिले पाडतो, हा त्याच्यावरचा आरोप होता. १९३५ मध्ये लाखीशच्या जळक्या वेशीत खापरांवर शाईने लिहिलेली त्याच काळातील लष्करी पत्रे सापडली, त्यांपैकी एकात कोणाचे तरी शब्द हात ढिले पाडतात, हीच तक्रार अगदी त्याच हिब्रू प्रयोगात आहे. दुसऱ्या एका पत्रात, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, अजेकाचे दिसत नाहीत, असा मजकूर आहे. यिर्मयाच्या ग्रंथानुसार अखेरपर्यंत टिकलेली तटबंदीची दोन नगरे हीच. विहिरीतून यिर्मयाला एबद-मलेख या कूशी सेवकाने वाचवले. दोर काखेत रुतू नयेत म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या.

शहर पडले. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली आणि मग त्याचे डोळे काढले. पाचव्या महिन्यात मंदिर जाळले. ज्यू परंपरा त्या महिन्याच्या, म्हणजे आव महिन्याच्या, नवव्या दिवशी उपवास करते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात या दिवसाला 'बिरड्याचा सण' हे नाव होते. सोललेल्या कडव्या वालांच्या उसळीवरून पडलेले. यरुशलेमच्या राखेला रायगडच्या स्वयंपाकघरातून मिळालेले हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

त्या आगीने एक विचित्र कामही केले. १९८२ मध्ये यरुशलेमच्या जुन्या भागात यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळलेल्या घरात ५१ मातीच्या मोहोरा मिळाल्या. पपायरसचे दस्त जळून गेले होते; त्यांवरची कच्ची माती मात्र त्याच आगीत भाजून पक्की झाली. एका मोहोरेवर शाफानाचा मुलगा गमर्‍या याचे नाव आहे. यिर्मयाची गुंडाळी बारूखने मंदिरात ज्याच्या दालनात वाचली, आणि ती जाळू नका असे ज्याने यहोयाकीमला विनवले, त्याचे नाव आणि त्याच्या पित्याचे नाव हेच होते. (बारूखच्या नावाची म्हणून १९७० च्या दशकात जुन्या वस्तूंच्या बाजारात आलेली मोहोर पुष्कळ पुस्तकांत दिमाखाने छापलेली आढळते. ती उत्खननातली नव्हती, आणि नंतरच्या तपासणीत ती बनावट ठरवली गेली.)

बाबिलोनी अधिकाऱ्यांनी यिर्मयाला मोकळे केले. बाबिलोनला येऊन सुखाने राहण्याची मुभा त्याला होती. तो उद्ध्वस्त देशातच राहिला. बाबिलोनने नेमलेला सुभेदार गदल्या, म्हणजे त्याला पूर्वी वाचवणाऱ्या अहीकामचा मुलगा, याचा खून झाला आणि सूडाच्या भीतीने पळालेल्या लोकांनी यिर्मयाला व बारूखला मिसरमध्ये तहपन्हेसला नेले. ग्रंथातला यिर्मया तिथेच शेवटचा दिसतो. आपल्या शेतात त्याने पाऊल ठेवले, असा उल्लेख कुठेही नाही.

बाबिलोनमधल्या लोकांनी मात्र त्याच्या पत्राप्रमाणे घरे बांधली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही मृत्तिकापट्ट्यांत 'आल-याहुदू', म्हणजे यहूदानगर, या बाबिलोनिया प्रदेशातील गावाचे करारमदार आहेत. सर्वांत जुनी पट्टी इ.स.पू. ५७२ ची. जव, खजूर, बैल, खंड, कर्ज अशा त्यांतल्या नोंदी आहेत आणि कुळांची नावे याहवेवरून ठेवलेली आहेत. याच हद्दपारीच्या अखेरीस यशयाच्या ग्रंथात भर घालणाऱ्या अनामिक कवीने याहवेला नवे संबोधन दिले आणि पुन्हापुन्हा वापरले: गोएल. कुळाची गेलेली जमीन सोडवून आणणाऱ्या नातलगासाठीचा कायद्यातला शब्द त्याने देवाला लावला.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशने बाबिलोन घेतले आणि त्यानंतर हद्दपारांचे जथे परतू लागले. एज्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची गावनिहाय यादी आहे. ती कंटाळवाणी असल्याने वाचक बहुधा ओलांडून जातात. तेविसाव्या ओळीत अनाथोथ आहे. परतलेली माणसे १२८.